कुंडीतल्या झाडाची ढब

बॉस्टनला हार्वर्ड विद्यापीठाचं अर्नोल्ड आर्बोरेटम हे वृक्षोद्यान आहे. तिथल्या बोन्साय संग्रहात हिनोकी सायप्रसच्या ‘चाबो-हिबा’ या ठेंगण्या वाणाची काही झाडं जपलेली आहेत. लार्झ अँडरसन हे अमेरिकेचे जपानमधले राजदूत. १९१३ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी ही झाडं योकोहामा नर्सरीकडून विकत घेतली. १९३७ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी इझाबेल यांनी त्यांतली बहुतेक आर्बोरेटमच्या हवाली केली. सर्वांत जुनं झाड १७३७ च्या सुमारास कुंडीत आलं असं मानतात.

हल्लीच्या पुस्तकांवरून बोन्साय शिकलेला माणूस या झाडांसमोर गोंधळतो. खोड ताठ. त्यावर खालपासून वरपर्यंत फांद्यांचे दाट थर. पहिली फांदी उंचीच्या एक-तृतीयांशावर हवी, दोन फांद्यांमध्ये मोकळी जागा हवी, हे आज सगळीकडे शिकवले जाणारे नियम या झाडांना लागूच पडत नाहीत. त्यात झाडांचा काही दोष नाही. ती घडवली गेली त्या काळात निर्यातीच्या उत्तम बोन्सायचं रूप असंच असायचं. तार गुंडाळून फांदी वळवायची पद्धत तेव्हा सर्वत्र रुळलेली नव्हती. बांबूच्या काड्या आणि सुतळ्या बांधून माळ्यांनी एकेक फांदी आडवी बसवली होती. पुढे जपानमध्ये आवड बदलली, आणि समुद्रापार गेलेली ही झाडं जुन्या आवडीची साक्ष म्हणून राहिली.

बोन्सायच्या इतिहासात असं वारंवार झालं आहे. हातातलं अवजार बदललं, झाड मांडायची जागा बदलली, की कुंडीतल्या झाडाची ढब बदलते. पण सगळ्यांत मोठा बदल होतो तो घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं रानातलं झाड बदललं म्हणजे. मला या कलेत सर्वाधिक रस आहे तो इथे. आपल्याकडे ही कला रुजून कित्येक वर्षं झाली, तरी आपल्या कुंड्यांमध्ये अजून पुष्कळदा दुसऱ्याच्या डोंगरावरचं झाड उभं असतं.

मुळात ही कला चीनची. शीआनजवळ तांग राजपुत्र ली शियान याचं थडगं आहे. त्यातल्या इ.स. ७०६ च्या भित्तिचित्रांत एक सेवक उथळ तबकात दगड आणि लहानगी झाडं घेऊन चालताना दिसतो. चिनी लोक या कलेला ‘पेनजिंग’ म्हणतात. तबकात नुसतं झाड असलं पाहिजे असं त्यांनी कधी मानलं नाही. डोंगर, पाणी, नाव, मातीची माणसं असं सगळं त्यात येतं. चीन मोठा असल्यामुळे प्रांतागणिक घराणी झाली. यांगचौमध्ये पालवीचे ढगासारखे चपटे, पातळ थर करत. सिचुआनमध्ये खोडालाच ठरावीक वळणं देत. सुचौच्या जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंना मिळून सहा थर, मागे तीन आणि वर एक शेंडा असा बांधीव हिशेब होता. बांधायला ताडाच्या कुळातल्या एका झाडाचा काथ्यासारखा तंतू वापरत. पाहणाऱ्याला झाडापेक्षा आधी घराणं ओळखू यावं, इतक्या या रीती पक्क्या होत्या.

दक्षिणेकडे क्वांगतुंग प्रांतात मात्र वेगळीच वाट निघाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्वांगचौमधल्या कलावंतांनी, त्यांत हायछुआंग मंदिराचे भिक्खू सु रेन आणि खोंग थायछू यांची नावं नेहमी घेतली जातात, बांधणं जवळजवळ सोडून दिलं आणि कात्री हाती घेतली. फांदी मोकळी वाढू द्यायची. ती पुरेशी जाड झाली की आखूड कापायची. कापाजवळून फुटलेल्या नव्या धुमाऱ्यांपैकी हव्या त्या दिशेचा एक ठेवायचा, त्यालाही तसंच वाढू द्यायचं आणि पुन्हा कापायचं. प्रत्येक कापाला फांदी दिशा बदलते आणि बुडापासून टोकाकडे निमुळती होत जाते. चिनी शाई-चित्रातल्या झाडांना असेच टोकदार कोन असतात. या शैलीला ‘लिंगनान’ म्हणतात. उबदार, दमट हवेत झाडं भराभर वाढतात, म्हणूनच ती तिथे शक्य झाली. तरीही एक चांगली फांदी घडायला कित्येक वर्षं जातात. ही मेहनत दिसावी म्हणून प्रदर्शनाआधी झाडाची सगळी पानं खुडतात आणि नुसता सांगाडा मांडतात. कुंती, चिनी एल्म, सेल्टिस अशी झाडं त्यांच्या आवडीची. हाँगकाँगमधले बँकर वू यी-सुन यांनी १९६९ मध्ये या परंपरेवर इंग्रजी-चिनी पुस्तक काढलं, आणि बाहेरच्या जगाला तिची चांगली ओळख झाली.

जपानमध्ये कुंडीतल्या झाडांना मानाचं स्थान मिळालं ते दरबारात आणि मठांत. तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु (१६०४–१६५१) याचं म्हणून ओळखलं जाणारं पाचसुई पाइनचं झाड आजही टोकियोच्या राजवाड्यातल्या संग्रहात जिवंत आहे. तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे एडो काळात, शहरातल्या सामान्य लोकांनाही कुंड्यांचा छंद लागला आणि मग हौसेला भरती आली. तेव्हा लोकप्रिय असलेल्या एका शैलीचं नाव ‘ताको’, म्हणजे ऑक्टोपस. खोड पिळलेलं, फांद्या ऑक्टोपसच्या सोंडांसारख्या खाली वळून पुन्हा वर उचललेल्या, कुंडी खोल आणि रंगीत. त्या काळच्या लाकडी ठशांच्या चित्रांत अशी झाडं दिसतात. आजच्या नजरेला ती अवघड वाटतील. पण एडोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, व्यापाऱ्याला झाडावर केलेलं कसब दिसायलाच हवं होतं, ते लपवण्यात त्याला काही स्वारस्य नव्हतं.

त्याच्या उलट आवड ओसाका-क्योतोच्या विद्वानांत वाढली. हे लोक चिनी पद्धतीने पानांचा चहा घेत, कविता लिहीत, शाईची चित्रं काढत. मोहरीच्या दाण्याचं नाव असलेली चिनी चित्रकलेची प्रसिद्ध पोथी त्यांच्यात अभ्यासली जाई. उंच, बारीक, किंचित वाकडं खोड आणि अगदी वर मोजक्या दोन-तीन फांद्या, अशी झाडं त्या चित्रांतून कुंडीत आली. हीच ‘बुंजिन’ शैली. नियमांची यादी तिला लावता येत नाही, म्हणून आजही शिकवायला ती सर्वांत कठीण समजतात. मला स्वतःला सगळ्या जपानी शैलींत ही अधिक जवळची वाटते. तिच्यात झाड थोडं आणि अवकाश फार असतो, आणि त्या अवकाशाचा प्रत्येक तुकडा कुणीतरी विचार करून राखलेला असतो.

मेइजी काळानंतर ऑक्टोपस मागे पडला. झाड निसर्गातल्यासारखं दिसावं हा आग्रह वाढला, आणि तो पुरा करणारं साधनही मिळालं. तांब्याची तार आगीत भाजून मऊ करायची आणि फांदीभोवती तिरकी गुंडाळायची. वाकवताना तार ताठरते आणि फांदी जिथे ठेवाल तिथे राहते. सुतळीने फांदी खेचता यायची, पण तारेने तिच्या प्रत्येक बोटभर लांबीला वेगळं वळण देता येऊ लागलं. याच सुमारास शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतातून शिम्पाकू जुनिपर शहरात येऊ लागले. कड्यांच्या कपारींत, वारा आणि बर्फ यांनी झोडपलेली ही झाडं काढायला माणसं दोर लावून उतरत. अर्धं खोड मेलेलं, हाडासारखं पांढरं, आणि त्याला बिलगून जिवंत सालीचा एक पट्टा. हे रूप पाहिल्यावर लोकांच्या मनातलं आदर्श झाडच बदललं. थोड्याच दशकांत त्या कड्यांवरची जुनी झाडं जवळजवळ संपली. हा या कलेच्या इतिहासातला वाईट भाग आहे, आणि आवड बदलली की डोंगराला किती भोगावं लागतं हे त्यातून दिसतं.

१९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत टोकियोतल्या बोन्साय व्यावसायिकांची धूळधाण झाली. त्यांतले काही जण स्वच्छ पाणी, चांगली माती आणि मोकळी जागा शोधत उत्तरेला ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये बोन्साय गाव वसलं. तिथे राहायचं तर किमान दहा बोन्साय बाळगायला हवेत, बाग लोकांना खुली हवी, घर दुमजली नको आणि कुंपण हिरव्या झुडपांचं हवं, असे नियम त्यांनी घालून घेतले. मार्च १९३४ मध्ये टोकियोच्या उएनोतल्या कलासंग्रहालयात ‘कोकुफु-तेन’ हे प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. काउंट मात्सुदाइरा योरिनागा आणि संपादक कोबायाशी नोरिओ यांनी त्यासाठी खटपट केली होती. बागेतली वस्तू कलासंग्रहालयात चित्रांच्या रांगेत जाऊन बसली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या प्रदर्शनाने झाडाचं रूपही घडवलं. कोकुफु-तेन फेब्रुवारीत भरू लागलं. तेव्हा मेपल, झेल्कोवा, बीच यांच्या अंगावर एकही पान नसतं. परीक्षक बघतो तो काड्यांचा विणकाम केल्यासारखा जाळीदार पसारा. मग वर्षानुवर्षांची मेहनत त्या काड्या बारीक, दाट आणि दुभंगत जाणाऱ्या करण्यात गेली. उलट्या झाडूसारखा दिसणारा झेल्कोवाचा प्रकार याच हिवाळी नजरेखाली इतका उत्कर्षाला पोचला. हेच प्रदर्शन दरवर्षी जुलैत भरलं असतं तर जपानी बोन्साय आज वेगळं दिसलं असतं, याविषयी मला शंका नाही.

पुस्तकांत सापडणारी शैलींची यादी, म्हणजे ताठ, वळणदार, तिरपी, अर्धी झुकलेली, कड्यावरून लोंबणारी, वाऱ्याने एका बाजूला वळलेली, दगडावर मुळं पसरलेली, ती जगभर पोचली दुसऱ्या महायुद्धानंतर. योशिमुरा युजी यांनी १९५२ पासून टोकियोत परदेशी लोकांना शिकवायला सुरुवात केली आणि जिओव्हाना हॅलफर्ड यांच्यासह १९५७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिलं. जपानी शागीर्द गुरूच्या बागेत पाच-सहा वर्षं पाणी घालत, तण काढत डोळ्यांनी शिकायचा. काही आठवड्यांच्या वर्गाला येणाऱ्या पाश्चात्त्य माणसाला तितका वेळ नव्हता. त्याला कागदावर उतरवता येतील असे नियम हवे होते. माझ्या मते बोन्सायच्या नियमांना आजचा काटेकोरपणा आला तो या शिकवण्याच्या गरजेतून. ओमियातले जुने लोक ते इतके अक्षरशः पाळत नव्हते.

लॉस एंजेलिसमधले जॉन नाका (१९१४–२००४) हे या शिकवणाऱ्या पिढीतले सर्वांत मोठे. जन्म कोलोराडोत, बालपणाचा काही काळ जपानात, पुढचं आयुष्य कॅलिफोर्नियात. त्यांनीही नियम शिकवले, पण विद्यार्थ्यांना ते सतत सांगत की झाडाला बोन्सायसारखं करू नका, बोन्सायला झाडासारखं करा. त्यांनी १९४८ मध्ये फोमिना जुनिपरवर सुरू केलेलं ‘गोशिन’ हे काम आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आर्बोरेटममध्ये आहे. अकरा झाडांचं ते एक वन आहे आणि नाकांच्या अकरा नातवंडांसाठी एकेक झाड त्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी जुनिपरवर आणि ओकवर काम करायला त्यांनी लोकांना लावलं. अमेरिकन बोन्साय जपानी झाडाची नक्कल करण्यापासून हळूहळू सुटलं ते इथून.

यानंतर आले किमुरा मासाहिको. त्यांच्याइतकी खळबळ या कलेत कुणीच केली नाही. १९४० मध्ये ओमियात जन्मलेले किमुरा पंधराव्या वर्षी हामानो मोतोसुके यांच्या बागेत शागीर्द म्हणून दाखल झाले. पुढे स्वतंत्र काम करताना त्यांनी जुनिपरच्या मेलेल्या लाकडावर विजेची करवत, फिरती कोरणी आणि वाळूचा फवारा वापरला. जाडजूड खोडं उभी चिरली, राफियाच्या पट्ट्यांत गुंडाळली आणि लोखंडी सळ्यांच्या आधाराने पिळली. मीटरभर उंचीचं मोठं झाड अर्ध्यावर खाली आणून त्याच्याच फांद्यांतून संपूर्ण नवी मुकुटासारखी पालवी बसवली. इतकं जुनं खोड वाकू शकतं, यावर जुन्या मंडळींचा विश्वासच नव्हता. १९८९ मध्ये ओमियाला जागतिक बोन्साय अधिवेशन झालं, तिथे जगभरच्या लोकांनी त्यांचं काम प्रत्यक्ष पाहिलं आणि पुढची दोन दशकं युरोपातल्या तरुण कलावंतांनी कोरण्या हाती घेतल्या.

जुनिपरवर हे शक्य होतं त्याला झाडाच्या शरीररचनेत कारण आहे. जुनिपरमध्ये मुळापासून वर जाणारा पाण्याचा मार्ग बराचसा सरळ, पट्ट्यापट्ट्यांचा असतो. एका बाजूचं मूळ मुख्यतः त्याच बाजूच्या फांदीला पोसतं. त्यामुळे मधलं लाकूड मेलं, किंवा मारलं, तरी जिवंत पट्ट्यावर फांदी वर्षानुवर्षं जगते. शिवाय लाकूड राळेचं, घट्ट. चुना आणि गंधक यांचं मिश्रण लावलं की ते पांढरं पडतं आणि सहसा कुजत नाही. उघड्या केलेल्या फांदीला ‘जिन’ आणि खोडावरच्या सोललेल्या भागाला ‘शारी’ म्हणतात. किमुरांच्या हातात हे दोन शब्द जवळजवळ शिल्पकलेचे झाले. त्यांचं उत्तम काम अप्रतिमच आहे. पण त्यांच्या मागून आलेल्या नकलांत झाड उरलंच नाही. कोरीवकाम इतकं, की पालवी त्याची झालर वाटावी.

त्यावर प्रतिक्रिया युरोपातूनच उठली. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि जर्मनीत म्युनिचच्या दक्षिणेला राहणारे वॉल्टर पॉल आल्प्समधल्या झाडांकडे बोट दाखवू लागले. तिथल्या जुन्या स्प्रूसच्या फांद्या वेड्यावाकड्या, शेंडे एकाहून अधिक, पालवी कुठे दाट, कुठे विरळ. पालवीचे नीटनेटके गोल पुंजके त्यांना खऱ्या झाडात दिसेनात. त्यांनी या ढबीला ‘निसर्गवादी’ म्हटलं, आणि पोकळ, गाठाळ, गोष्टींतल्या रानात असावीत अशा झाडांसाठी ‘परीकथा शैली’ हे नाव दिलं. त्यांचं तंत्रही लोकांच्या सवयी मोडणारं होतं. मेपलचा प्रत्येक कोंब चिमटत बसण्यापेक्षा झाड मनमुराद वाढू द्यायचं आणि वर्षातून एक-दोनदा कुंपणाच्या मेंदीसारखं सपाट कापायचं. भरपूर पानांमुळे झाड सशक्त होतं आणि आतल्या बाजूने नवे डोळे फुटतात. सतत चिमटलेलं झाड दिसायला नीट राहतं, पण अशक्त होत जातं, हे त्यांचं म्हणणं आज बहुतेकांनी मान्य केलं आहे.

अमेरिकेतल्या रायन नील यांनी किमुरांकडे सहा वर्षं शागिर्दी केली आणि मायदेशी परतून ते ओरेगॉनमध्ये पाँडेरोसा पाइनवर काम करू लागले. या झाडाच्या सुया लांब, फांद्या भारी, हिमाच्या वजनाने खाली ओढलेल्या. जपानी पाइनच्या साच्यात ते बसतच नाही. २०१५ मध्ये पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात त्यांनी ‘आर्टिझन्स कप’ हे प्रदर्शन भरवलं. झाडांवर संग्रहालयातल्या शिल्पांवर पडतो तसा प्रकाश, मांडणी आधुनिक, भोवती जपानी बैठकीचा मागमूस नाही. अमेरिकन झाड अमेरिकन पद्धतीने पाहायचं, हे त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं.

पण या सगळ्यांत मला जास्त पुढे गेलेले वाटतात ते दक्षिण आफ्रिकेतले लोक. त्यांच्यापाशी पाइनचे डोंगर नव्हते. होती ती गवताळ माळरानं, त्यावर छत्रीसारखी बाभळीची झाडं आणि बाओबाबची पिंपासारखी खोडं. चार्ल्स सेरोनिओ यांनी १९९९ मध्ये जगभरच्या शैलींवर पुस्तक लिहिलं, त्यात या आफ्रिकी आकारांना त्यांनी स्वतंत्र शैलींचा दर्जा दिला. बाओबाब शैली, सपाट माथ्याची शैली, आणि ‘पिअरनीफ’ शैली. पिअरनीफ (१८८६–१९५७) हे तिथले चित्रकार. जोहान्सबर्गच्या रेल्वे स्टेशनसाठी त्यांनी काढलेली ३२ भव्य चित्रं प्रसिद्ध आहेत. त्यांच्या झाडांच्या फांद्या खोडापासून वर-वर दुभंगत जातात आणि शेवटी ढगांच्या सपाट तळासारखी पालवी पसरते. जपानी पाइनच्या फांद्या खाली झुकतात, कारण बर्फ. पिअरनीफच्या फांद्या वर चढतात, कारण ऊन. सेरोनिओंनी ही ढब चित्रातून आणि माळावरून कुंडीत आणली, म्हणजे ओसाकाच्या विद्वानांनी शाई-चित्रांवरून केलं तेच त्यांनी आपल्या चित्रकारावरून केलं.

याखेरीज आज बाजारात दोन लाटा दिसतात. एक लहानाची. वीस सेंटिमीटरच्या आतलं ‘शोहिन’ आणि तळहातावर मावणारं ‘मामे’ यांची मागणी वाढते आहे, कारण घरं लहान झाली आणि साठीच्या पुढच्या हौशी माणसाला भारी कुंड्या उचलवत नाहीत. ओमियातल्या सेइको-एन या बागेच्या पाचव्या पिढीतल्या यामादा काओरी यांनी एका कुंडीत दोन-तीन झाडं आणि शेवाळ मांडून ‘साइका बोन्साय’ लोकप्रिय केलं आणि पूर्वी या छंदाकडे न फिरकणाऱ्या तरुण मुली त्यात आल्या. ही चांगली लाट. दुसरी कारखान्याची. चीनमधून येणारा, रताळ्यासारख्या फुगीर मुळांचा आणि वर कलम केलेला जिनसेंग फायकस, आणि एस आकारात वाकवलेले फायकस आपल्या प्रत्येक नर्सरीत बोन्साय म्हणून विकले जातात. कुंडीतलं शोभेचं रोप म्हणून त्यांत वाईट काही नाही. पण ते पाहून कुणाला बोन्साय म्हणजे हेच असं वाटलं तर मोठं नुकसान आहे, कारण हजारो झाडं एकाच साच्यातून निघतात आणि एकाही झाडाकडे कुणी निरखून पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे मुंबईत इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय स्टडी ग्रुपसारख्या संस्थांनी अनेक वर्षं वर्ग घेतले, प्रदर्शनं भरवली. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन झालं आणि लोकांनी रांगा लावून ते पाहिलं. हौस आहे, हात आहेत. प्रश्न झाडाचा आहे.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत शिम्पाकूला थंडीतली विश्रांती मिळत नाही आणि तो हळूहळू खंगतो. म्हणून लोक किमुरांची कोरणी आपल्या फायकसवर, म्हणजे वड-उंबराच्या जातीतल्या झाडांवर, चालवतात. तिथे झाडच नकार देतं. वड, नांदरुक, उंबर यांचं लाकूड मऊ. सोललेला भाग एका पावसाळ्यात भुसभुशीत होतो. शिवाय या झाडांची जखम भरून काढायची ताकद अफाट असते. दोन्ही बाजूंनी साल पुढे सरकते आणि कष्टाने केलेली शारी गिळून टाकते. जुनिपरचं वैभव मरणाच्या खुणांत आहे, आपल्या झाडांचं भरून येण्यात. चिंचेसारख्या कठीण लाकडाच्या झाडावर पोकळी टिकते, तिथे ती जरूर करावी. वडावर नको.

वडाला आपली स्वतःची भाषा आहे, ती म्हणजे पारंब्या. कुंडीत त्या आपोआप क्वचितच जमिनीला पोचतात, कारण हवेतला ओलावा पुरत नाही आणि टोक सुकतं. पावसाळ्यात झाडाभोवती दमटपणा टिकवला, फुटलेलं मूळ ओल्या शेवाळाने भरलेल्या शीतपेयाच्या नळीतून खाली उतरवलं, की ते मातीला लागतं आणि एकदा लागलं की वर्षा-दोन वर्षांत जाड होऊन फांदीला खांब देतं. हव्या त्या जागी पारंबी नसेल तर छोटं रोप फांदीला चिकटवून कलम करतात. फायकसची साल सालीला लागली की दोन्ही एकजीव होतात. वडाचं पान मोठं, म्हणून अनेकजण लहान पानांचा नांदरुक घेतात आणि वडाचा आकार त्याच्यावर घडवतात. पानं आणखी बारीक व्हावीत म्हणून जोमदार झाडाची उन्हाळ्याच्या अखेरीस सगळी पानं काढतात, पावसात येणारी नवी पालवी लहान असते. माती मात्र आपल्या पावसाला सोसेल अशी हवी. विटांचा जाड चुरा, रेती आणि थोडं खत. जपानी पुस्तकातली मातीची कृती जुलैच्या मुंबईत मुळं कुजवते.

दगडावर मुळं पसरलेली शैली तर आपल्याला शिकायला जपानला जायची गरजच नाही. सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्याच्या बुरुजावर उंबर-पिंपळ बेसॉल्टच्या दगडांना कवळून उभे असतात. शहरात जुन्या इमारतीच्या भिंतीत, गच्चीच्या पन्हाळ्यात उगवलेली पिंपळाची रोपं तशीही काढून टाकावी लागतात. ती जपून काढून कुंडीत लावणारे हौशी लोक पुष्कळ आहेत आणि हे काम रानातून झाड उपटण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे. इशिझुचीच्या कड्यांचं जे झालं ते आपल्या डोंगरांचं होऊ नये.

आणि बाभूळ. मराठवाड्याच्या, सोलापूरच्या माळावर बाभळीचं जे रूप दिसतं ते आफ्रिकेतल्या त्या छत्र्यांच्या जवळचं. पानाची दलं मुळातच इवली, त्यामुळे लहान कुंडीतही प्रमाण बिघडत नाही. खोडाची साल लवकर काळी आणि भेगाळ होते. अडचण मुळांची. सोटमूळ खोल जातं आणि एकदम तोडलेलं तिला सोसत नाही, म्हणून बी उथळ ट्रेमध्ये लावून पहिल्या वर्षीच सोटमूळ आखूड करावं लागतं, पुढचे काप दोन-तीन टप्प्यांत. लाकूड कठीण होण्याआधी, फांदी हिरवी असतानाच तार घालायची, आणि सुरुवातीलाच ती वरच्या दिशेने दुभंगत न्यायची, खाली ओढायची नाही. शेंडा एक ठेवायचा नाही. चार-पाच फांद्या सारख्या उंचीवर आणून माथा सपाट करायचा आणि तो वाऱ्याच्या बाजूला जरासा कलता ठेवायचा, कारण उघड्या माळावरची बाभूळ कधी अगदी समतोल नसते. हे काम आपल्याकडे काही जण करत आहेत. प्रदर्शनांत त्यांची झाडं जुनिपरच्या रांगेत मागे ठेवली जातात. ती पुढे आणायला हवीत, आणि त्यांच्यासाठी ‘मोयोगी’ (वळणदार), ‘शाकान’ (तिरपी) या रकान्यांपलीकडचा स्वतंत्र विभाग प्रदर्शनात असायला हवा.